चार ठोक्यांचा हॉल्ट

नंदनवार काका भर कार्यक्रमात, मार्च ऐन रंगात आलेला असताना, बँड थांबवायचे, मागे वळून श्रोत्यांकडे डोळे रोखून बघायचे, आणि चार ठोके झाले की पुन्हा आमच्याकडे तोंड करून राहिलेला मार्च पुरा करायचे. रागाच्या भरात एखाद्या वेळी केलं असतं तर समजण्यासारखं होतं. ते दर रविवारी करत, त्याच मार्चमध्ये, त्याच जागी.

बागेत नवीन आलेल्या माणसाला वाटे, झालं, संपलं. तो टाळ्या वाजवी, पोरं गोळा करी, चपला शोधी, आणि एक चप्पल पायात गेली की मोठा ड्रम पुन्हा धडाडे. जुने श्रोते सरावले होते. ते त्या मधल्या जागी मनापासून टाळ्या वाजवत, आणि मार्च खरोखर संपे तेव्हा निवांत शेंगा सोलत बसलेले असत. मधोमध टाळ्या मिळणारा आणि शेवटी न मिळणारा नागपुरातला आमचा एकच बँड असावा.

बँडचं नाव ‘तरुण बँड मंडळ’. मंडळात आम्ही चौदा जण होतो. त्यातला सगळ्यात तरुण मी, आणि माझ्या बायकोनं तेव्हा माझे पांढरे केस उपटायचं सोडून दिलं होतं, कारण पुरवठा वाढला होता. मी सरकारी कचेरीत आवक-जावक सांभाळायचो आणि बँडमध्ये क्लॅरिनेट. गोतमारे मास्तर शाळेत चित्रकला शिकवत आणि इथे युफोनियम हे मांडीवर घेऊन बसायचं अवजड पितळी वाद्य फुंकत. जरीपटका वस्तीत कापडाचं दुकान असलेले लछमनदास कॉर्नेट, म्हणजे आखूड ट्रम्पेट, वाजवत. बाकीच्यांत एक कंपाउंडर होता, दोघे पोस्टात होते, आणि झांजवाला कोर्टात पुकारा करायचा, त्यामुळे त्याला मोठ्या आवाजाचं भय नव्हतं.

नंदनवार काका स्वतः एसटीच्या स्टँडवर कंट्रोलर. मूळचे उमरेडचे, कोष्ट्याच्या घरातले, पण हातमागावर न बसता लहानपणीच काकाबरोबर नागपूरला आले. तो काका पोलीस बँडात होता. त्याच्याकडून हे स्वरलिपी वाचायला शिकले, आणि एसटीकडून वेळापत्रक. पुढे आयुष्यभर या दोन विद्यांची त्यांनी गल्लत केली.

“टायम म्हंजे टायम,” हे त्यांचं ब्रीद. तालमीला सहा म्हणजे सहा. सहाला एक मिनिट कमी असताना ते शाळेच्या खोलीच्या दारात उभे राहत, हातात घड्याळ, तोंडात शिट्टी. सहा वाजले की शिट्टी वाजे आणि दार लागे. मागून येणाऱ्याला खिडकीतून विचारत, “काहून गा, कोणती गाडी चुकली?” एकदा गोतमारे मास्तर युफोनियमसकट पाऊण तास व्हरांड्यात बसले होते. शेवटी त्यांनी बाहेरूनच वाजवायला सुरुवात केली, आणि काकांनी ते चालवून घेतलं, कारण ते तालात होते.

बँडमध्ये कुणी पुढे-मागे झालं तर ते वाद्याचं नाव घेऊन ओरडत नसत. ताल द्यायची काठी खाली ठेवून शांतपणे म्हणत, “देशकर, तुमची गाडी उमरेडले पोचली. बाकीचे अजून दिघोरीलेच हायेत. आता तिथं उतरा अन् चहा प्या.” मग मी लाजून क्लॅरिनेट पुसत बसे.

त्यांची एक वही होती. स्टँडवर उशिरा सुटलेल्या गाड्या लिहायच्या रजिस्टरसारख्या तिच्यात रेघा मारलेल्या होत्या: नाव, घर, किती उशीर, कारण. घर म्हणजे स्वरलिपीच्या कागदावर दोन उभ्या रेघांमधली जागा. एका घरात चार ठोके. ज्याची चूक झाली त्याचं नाव तालीम संपल्यावर वहीत जाई, आणि कारण ज्याचं त्यालाच सांगावं लागे. कारण सांगितल्याशिवाय कुणाला घरी सोडत नसत. ‘लछमनदास. घर बारा. एक ठोका लवकर. कारण: खोकला येईल असे वाटले.’ ‘गोतमारे. घर वीस. पूर्ण घर गायब. कारण: माशी.’ माझ्या नावावर एकदा ‘वाजवलेच नाही. कारण: ऐकत होतो’ असं लागलं होतं, आणि ते खरं होतं. सगळ्या वहीत एक नाव नव्हतं, ते काकांचं. त्यांचा उशीर होणं म्हणजे घड्याळाचा काटा मागे पडण्यासारखं होतं.

लछमनदासांच्या पुतणीचं लग्न होतं तेव्हा त्यांनी हौसेनं आमचा बँड लावला. पत्रिकेत वरातीचं स्वागत सहाला. सहा वाजता मांडवात दोन आचारी, एक गाद्या घालणारा आणि आम्ही. लछमनदास गयावया करत म्हणाले की वरात अजून निघालीसुद्धा नाही. काकांनी घड्याळ पाहिलं आणि काठी उचलली. आम्ही दोन मार्च आणि एक वॉल्ट्झ आचाऱ्यांसमोर मन लावून वाजवलं आणि सामान बांधलं. वरात आठला आली तेव्हा आम्ही सायकली काढत होतो. लछमनदास आठ दिवस बोलले नाहीत. काकांचं म्हणणं एवढंच, की गाडी टायमावर सुटली, प्रवासी आले नाहीत त्याला कंट्रोलर काय करणार?

अशा माणसानं मार्चच्या मधोमध बँड थांबवावा, याचं आम्हालाही आधी आधी नवल वाटे. पण आमच्या कागदांवर ते तसंच होतं. सुंदर, ठसठशीत हातानं उतरवलेले चौदा कागद, आणि प्रत्येकात मार्चचा पहिला भाग संपतो आणि दुसरा सुरू होतो तिथे एक घर कोरं. त्यात ना स्वर, ना खूण. मी नवा होतो तेव्हा विचारलं, तर म्हणाले, “हॉल्ट हाये. चार ठोक्याचा.” हॉल्ट म्हटल्यावर पुढे विचारायची सोय नव्हती. आणि वळून बघण्याचं म्हणाल, तर आमची समजूत होती की अवेळी टाळ्या वाजवणाऱ्यांना ते दटावताहेत.

शांताकाकू, म्हणजे त्यांची बायको, गेल्या तेव्हा काका तेरा दिवस आले नाहीत. त्यांनी चिठ्ठीवर ‘रजा’ एवढंच लिहून पाठवलं होतं. चौदाव्या दिवशी सहाला एक कमी असताना ते दारात उभे होते, हातात घड्याळ, तोंडात शिट्टी. त्या दिवशी मात्र सगळे वेळेवर आले होते.

मग दोन वर्षांनी ते पत्र आलं. बागेच्या कमिटीवर नवे साहेब आले होते. त्यांनी लिहिलं की बागेतला बँडस्टँडचा चौथरा यापुढे जाणकारांनी पसंत केलेल्या बँडलाच मिळेल, नाही तर तिथे शोभेच्या कुंड्या ठेवण्याचा विचार आहे. जाणकार म्हणून कामठीच्या छावणीतून निवृत्त झालेले एक बँडमास्तर येणार होते.

बाहेरच्या माणसाला यात विशेष वाटणार नाही. पण आमच्यापैकी कुणाला दुसरं कुठे कुणी ऐकत नव्हतं. मी घरी क्लॅरिनेट काढली की शेजारचे खिडक्या लावत, उन्हाळ्यातसुद्धा. आठवड्याचे सहा दिवस आवक-जावक करून सातव्या दिवशी, कडक कॉलर लावून, दीड-दोनशे माणसांपुढे आपण बसतो, यावर माझा आठवडा निघत असे. तो चौथरा गेला असता तर बँड महिनाभरही टिकला नसता. हे आम्हाला कळत होतं, काकांना सर्वांत जास्त.

बँडमास्तर तालमीला आले. ताठ, पांढऱ्या मिशांचे, मोजकं बोलणारे. सहाला दोन मिनिटं कमी असताना आले, त्यामुळे काकांचं मत चांगलं झालं. डोळे मिटून त्यांनी सगळं ऐकलं. मार्चच्या मधे आम्ही थांबलो तेव्हा त्यांनी डोळे उघडले. वाजवून झाल्यावर त्यांनी माझा कागद मागून घेतला, कोऱ्या घरावर बोट ठेवलं आणि सांगितलं की हा मार्च त्यांनी तीस वर्षं वाजवला आहे, छापील प्रतीत हे घर नाही. उतरवणाऱ्याची चूक आहे. तेवढी काढा, पुढच्या रविवारी मी बागेत ऐकतो आणि सही करतो.

आम्हाला हायसं वाटलं. लाल पेन्सिलीची एक रेघ मारायची, आणि बागेतली जागा पक्की. सगळे काकांकडे बघू लागले, कारण पेन्सिल त्यांच्या खिशात होती.

“नाही,” काका म्हणाले.

बँडमास्तर निघून गेल्यावर आम्ही विचारलं, काहून नाही? माशीपासून खोकल्यापर्यंत जगातलं प्रत्येक कारण लिहून घेणारा माणूस स्वतःचं कारण सांगेना. गोतमारे मास्तर चिडले. म्हणाले, बारा वर्षं हे धूड सायकलला बांधून आणतो आहे ते कुंड्यांसाठी जागा करून द्यायला नाही, आणि युफोनियम तिथेच ठेवून निघून गेले. अर्थात ते नेण्याचा त्यांना नेहमीच कंटाळा होता, पण यावेळी राग खरा होता. शेवटी काकांना समजवायला मला पाठवायचं ठरलं. मी कचेरीत असल्यामुळे मला बोलता येतं, असा सगळ्यांचा समज होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्याकडे गेलो. काका स्वयंपाकघरात पोहे करत होते, समोर ओट्यावर घड्याळ ठेवून. मला बसा म्हणाले, झाकणाला अजून दीड मिनिट आहे. दीड मिनिट आम्ही दोघंही झाकणाकडे बघत बसलो. मग बशी माझ्यापुढे ठेवून ते सांगू लागले, वेळापत्रक वाचावं तशा आवाजात.

तो छापील संच त्यांना छावणीतल्या एका ओळखीच्यानं आठ दिवसांसाठी दिला होता. चौदा कागद उतरवायचे, आणि काकांचं अक्षर असं की स्टँडवर त्यांनी लिहिलेला फलक लोक दुसऱ्याकडून वाचून घेत. काकू म्हणाल्या, मी काढते. त्या उमरेडच्याच, विणकराच्या घरच्या. स्वरलिपीतलं ओ की ठो कळत नव्हतं, पण लुगड्याच्या किनारीची नक्षी चौकटीच्या कागदावर मोजून काढायचा हात होता. त्यांनी ठिपके, शेपट्या, रेघा, सगळं किनार म्हणून उतरवलं. रोज दुपारी, भांडी झाल्यावर. आठ दिवसांत चौदा कागद. एक ठिपका इकडचा तिकडे झाला नाही.

“अन् ते कोरं घर?” मी विचारलं.

त्यांनी घड्याळाची चावी दिली. दिलेलीच होती, पुन्हा दिली.

“तिचा बाप कधी पुरी किनार विणे नाही,” ते म्हणाले. “एक तार सोडून दे. म्हणे, लई नीट उतरलं का दृष्ट लागते. लेकराले आपण तीट लावतो ना, तसं. तिनं किनार संपून पदर लागते तिथं एक घर सोडलं. चौदाच्या चौदा कागदात.”

हे काकूंनी त्यांना आधी सांगितलं नव्हतं. पहिल्या तालमीला काकू कौतुकानं व्हरांड्यात येऊन बसल्या होत्या. पहिला भाग संपला, कोरं घर आलं, आणि चौदा जण एकदम गप्प झाले. काका चमकले. छापील प्रत त्यांच्या डोक्यात होती, चूक कुणाची ते लगेच कळलं. संतापून त्यांनी मागे वळून पाहिलं.

“तं ते पदर तोंडाले लावून हासून राह्यली होती. तिले वाटलं का आपलं घर बरोबर वाजलं. मंग मी इकडं वळलो अन् म्हटलं, हॉल्ट हाये.”

पुढे काकू दर रविवारी बागेत येत. कडुलिंबाखालचं तिसरं बाक. बँड चालवणाऱ्याची श्रोत्यांकडे पाठ असते, पण त्या घरात हाताला काम नाही, मग वळायला हरकत नव्हती.

“दिवसभर स्टँड, संध्याकाळी तुम्ही लोक,” काका म्हणाले. “तिच्याकडं पाहाले मले टायमच भेटे नाही गा. हप्त्यातून तेवढे चार ठोके भेटत.”

मी बशी खाली ठेवली. समजवायला आलेला माणूस म्हणून मी काहीतरी बोलायला हवं होतं. मी म्हटलं, काका, राहू द्या ते घर, कुंड्या तर कुंड्या. त्यांनी माझ्याकडे पोराकडे बघावं तसं बघितलं. जागा गेली की बँड गेला, बँड गेला की घर कुठे वाजवायचं, असा त्यांचा हिशेब रात्रीच झालेला होता. कपाटातून चौदा कागद काढून ते बसले आणि एकेका कागदावर, पट्टी लावून, त्या घरावर लाल रेघ मारली. मला शिवू दिलं नाही. चौदावा झाल्यावर म्हणाले, यातलं कुणाला सांगायचं नाही, आणि तालीम सहाला आहे.

मी सांगितलं नाही. काका ऐकतात ते कचेरीतल्या माणसाचंच, असं म्हणून मंडळानं माझं अभिनंदन केलं. गोतमारे मास्तर आपल्या वाद्याकडे परत आले. आठवडाभर आम्ही हॉल्ट न घेता मार्च वाजवला. मंगळवारी सात जण थांबले, बुधवारी तिघे, शुक्रवारपर्यंत गाडी विनाथांबा धावू लागली. काका वहीत काही लिहीत नव्हते.

रविवार आला. बाग भरली होती. बँडमास्तर पहिल्या रांगेत, शेजारी कमिटीचे साहेब. कडुलिंबाखालच्या तिसऱ्या बाकावर एक जोडपं बसलं होतं, मधे शेंगांची पुडी. मी आधी त्या बाकाकडे कधी लक्ष दिलं नव्हतं. त्या दिवशी दुसरीकडे बघवेना.

मार्च सुरू झाला. बरा चालला होता. पहिला भाग संपत आला तशी काकांची काठी जरा मोठी फिरू लागली, आम्हाला रेटून पलीकडे नेण्यासाठी. पण एक गोष्ट आमच्यापैकी कुणाच्याच ध्यानात आली नव्हती. आम्ही तालीम केली होती, श्रोत्यांनी केलेली नव्हती. पहिला भाग संपला, आणि इतक्या वर्षांच्या सवयीनं सगळ्या बागेनं आपल्या जागेवर दणदणीत टाळ्या वाजवल्या. टाळ्या ऐकल्याबरोबर लछमनदासांची कॉर्नेट ओठांवरून खाली आली. युफोनियम गप्प झालं. ड्रमवाल्याचा हात वर गेला तो वरच राहिला. सगळा बँड थांबला.

मंडळात नंतर सर्वांनी एकमुखानं सांगितलं की टाळ्यांनी घात केला. त्यांचं खरंच असेल. मी खोटं कशाला सांगू, मी टाळ्यांच्या आधीच थांबलो होतो.

काकांची काठी एकटीच एक ठोका पुढे गेली आणि हवेत उभी राहिली. त्यांनी आमच्याकडे बघितलं, एकेकाकडे. मला वाटलं आता उमरेड-दिघोरी निघणार. दुसरा ठोका गेला. तिसऱ्याला त्यांनी काठी खाली केली आणि सावकाश मागे वळले.

तिसऱ्या बाकावरचा माणूस टाळ्या वाजवत होता. काका आपल्याकडेच बघताहेत असं पाहून तो ओशाळला, आणि काय करावं न सुचून त्यानं शेंगांची पुडी जराशी पुढे केली. त्याची बायको पदर तोंडाला लावून हसली.

चौथा ठोका झाला. काका वळले नाहीत. पाचवा झाला, सहावा झाला. टाळ्या थांबल्या. बागेत कारंज्याचं पाणी ऐकू येऊ लागलं. आम्ही चौदा जण वाद्यं धरून त्या पाठीकडे बघत होतो, आणि एकाचीही वाजवण्याची हिंमत नव्हती. मी पायानं मोजत होतो. आठ झाले तेव्हा काका आमच्याकडे वळले. डोळे ओले होते, ते त्यांनी पुसले नाहीत, कारण हातात काठी होती. त्यांनी ती उचलली आणि आम्ही पुढचा भाग असा वाजवला की शेवटीही टाळ्या मिळाल्या.

बँडमास्तरांनी अहवाल दिला तो नंतर कचेरीच्या ओळखीनं मी पाहिला. त्यात लिहिलं होतं: ‘ताल पक्का. मधे थांबतात. थांबू द्यावे.’ कमिटीच्या साहेबांना ते फारसं कळलं नाही, पण दुसऱ्या कोणत्याही बँडनं अर्ज केलेला नव्हता आणि कुंड्या अजून आल्या नव्हत्या, म्हणून जागा आमच्याकडेच राहिली. सोमवारच्या तालमीला काकांनी नवे कागद वाटले नाहीत. खोडरबरानं लाल रेघा पुसायला लावल्या. त्या नीट गेल्या नाहीत, पण घर दिसत होतं.

पण त्या रविवारचं सांगायचं राहिलं. बागेतून सामान आवरताना काकांनी वही काढली, चौथऱ्याच्या पायरीवर बसले आणि लिहू लागले. आमच्या चौदाही जणांची नावं जाणार म्हणून आपापली कारणं मनाशी जुळवत आम्ही रांगेनं उभे राहिलो. काकांनी एकच ओळ लिहिली, वही मिटली, सायकलच्या कॅरिअरला लावली आणि आम्हाला जा म्हणाले. कारण न विचारता घरी सोडण्याची ही पहिलीच वेळ.

पुढच्या तालमीत माझं नाव लागलं तेव्हा मागचं पान उलटून मी ती ओळ पाहिली. ‘नंदनवार. घर सतरा. चार ठोके उशीर.’

कारणाचं घर त्यांनी कोरं सोडलं होतं.